ड्रायव्हर लिहिणाऱ्या भाचीसाठी कानमंत्र

लिनक्सचा ड्रायव्हर लिहायला घेतलास हे ऐकून फार बरं वाटलं, पोरी. रजिस्टर, इंटरप्ट तू डेटाशीट वाचून शिकशीलच. मी सांगतेय ते युजर प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातल्या डेटाच्या ये-जाबद्दल. तिथं घाई करू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

1. युजरकडून आलेला पॉइंटर थेट वापरू नकोस, कॉपी_फ्रॉम_युजरनेच डेटा आण — तो पत्ता मुद्दाम कर्नलच्याच मेमरीचा दिलेला असू शकतो. 2013 साली अँड्रॉइड फोनांवर हल्ले झाले, कारण एआरएमवरच्या गेट_युजर आणि पुट_युजरमध्ये पत्ता तपासायचा राहून गेला होता.

2. पॉइंटरला __युजर ही खूण लाव आणि स्पार्स चालव — एरवी कंपायलर याबाबत गप्प राहतो.

3. कॉपीची रिटर्न व्हॅल्यू वाच. ती न गेलेल्या बाइट्सची संख्या असते. शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट परत कर — ती संख्याच पुढे ढकललीस, तर रीड करणारा तेवढे बाइट मिळाले असं समजून पुढे जातो.

4. आधी लांबी तपास, मग मेमरी माग. नगांची संख्या युजरने दिली असेल तर केमॅलॉक_अ‍ॅरे वापर — साधा गुणाकार मर्यादेपलीकडे गेला की लहान आकडा होऊन बसतो.

5. एकदा आणलेलं पुन्हा आणू नकोस. हेडर आणून लांबी तपासलीस आणि मग सगळं स्ट्रक्चर नव्याने आणलंस, तर मधल्या वेळात युजरचा दुसरा थ्रेड ती लांबी बदलून मोकळा होतो — म्हणजे तू तपासलं एक आणि वापरलं दुसरंच. आणावंच लागलं, तर आधी तपासलेली लांबीच त्यात परत भर. हे चाचणीत क्वचितच सापडतं, म्हणून वाचतानाच शोधायचं.

6. उष्टा डबा शेजारी धाडू नये. कॉपी_टू_युजरच्या आधी सगळं स्ट्रक्चर मेमसेटने शून्य कर — एका बाइटच्या फील्डनंतर __यू32 आलं की मध्ये तीन बाइट रिकामे राहतात, आणि त्यांत कर्नलच्या स्टॅकवरचं जुनं काहीबाही बाहेर जातं.

7. आयओसीटीएलच्या स्ट्रक्चरमध्ये लाँग नको, __यू32 किंवा __यू64 घे — 32 बिटी प्रोग्रॅमात लाँग 4 बाइटचा, 64 बिटी कर्नलमध्ये 8 चा.

8. कुलूप हातात, तर डुलकी नको. स्पिनलॉक धरून युजरची मेमरी कॉपी करू नकोस — ते पान डिस्कवरून आणावं लागलं तर कर्नलला झोपावं लागतं.

9. अनोळखी कमांडला उणे ईनॉटटीटीवाय दे. आणि राखीव फील्डमध्ये शून्याखेरीज काही आलं तर उणे ईइनव्हॅल — आज कचरा खपवून घेतलास तर पुढच्या आवृत्तीत ते फील्ड तुला वापरता यायचं नाही, कारण चालते प्रोग्रॅम मोडलेले लिनक्समध्ये कुणी ऐकून घेत नाही.