भिंत झाकण्याआधी

अगं, आईबाबांसाठी बेसमेंटमध्ये खोली काढताय हे ऐकून फार बरं वाटलं. न्यू जर्सीच्या थंडीत त्यांना स्वतःची उबदार जागा मिळेल, दुपारी दार लावून निवांत पडता येईल. तुझ्या नवऱ्याचा हात सुतारकामात चांगला आहे, भिंतींचा सांगाडा तो उभा करेलच. फक्त घाई करू नका.

आधी ओल बघ. हातभर लांबरुंद जाड प्लॅस्टिक काँक्रीटच्या भिंतीवर आणि फरशीवर चारी कडांनी चिकटपट्टीने पक्कं चिकटव आणि दोन दिवस तसंच राहू दे. आतल्या अंगाला पाणी धरलं, तर ओल काँक्रीटमधून येतेय. बाहेरच्या अंगाला धरलं, तर ती खोलीतल्या हवेतली. काँक्रीटमधून येत असेल तर लाकूड आणूच नका. पन्हळीचं पाणी पायापासून लांब सोडा, अंगणाचा उतार घरापासून दूर करा आणि एकदोन मोठे पाऊस होऊन गेल्यावर परत बघा. याच दिवसांत रेडॉनही तपासून घे. जमिनीतून येणाऱ्या या वायूला वास नाही, पण त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो. आकडा ४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा त्याहून जास्त आला, तर तो वायू बाहेर काढायची सोय आधी, भिंती नंतर.

काँक्रीटला टेकणारी खालची पट्टी प्रेशर-ट्रीटेड लाकडाचीच हवी आणि तिच्याखाली फोमचा पातळ थर. तिला खिळेही जस्ताचा जाड मुलामा दिलेले. त्या लाकडातली रसायनं साधा खिळा खाऊन टाकतात. बाहेरच्या बाजूच्या काँक्रीट भिंतींना आधी आतून फोमचे ताठ बोर्ड लावा, सांगाडा त्यांच्या आत. स्टड, म्हणजे सांगाड्यातल्या उभ्या फळ्या, १६ इंचांवर. बेसमेंटची फरशी क्वचितच सपाट असते, म्हणून प्रत्येक स्टड जागेवर मोजूनच कापायचा आणि वरखालच्या पट्ट्या ओळंबा सोडून जुळवायच्या.

सांगाडा उघडा आहे तोवर आईचे गुडघे लक्षात ठेव. बाथरूममध्ये आणि पलंगाशेजारी, फरशीपासून ३३ ते ३६ इंचांच्या पट्ट्यात, स्टडच्या मध्ये आडव्या फळ्या ठोकून घे. उद्या धरायला दांडा लावायचा झाला तर स्क्रूला लाकूड मिळेल. नुसत्या ड्रायवॉलमध्ये बसवलेला दांडा भार पडला की उपटून येतो. दार ३६ इंची ठेव, वॉकर सहज जातो. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाउनशिपचं परमिट काढल्याशिवाय आणि इन्स्पेक्टरने सांगाडा, वायरिंग बघितल्याशिवाय भिंत झाकायची नाही. ओळखीतले लोक म्हणतील, कोण बघतंय? ऐकू नकोस. ज्या खोलीत माणूस झोपणार, तिला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४, आणि खालची कड फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नाही. बेसमेंटच्या त्या जुन्या अरुंद झरोक्यातून बाबा बाहेर पडू शकणार नाहीत. नवी खिडकी म्हणजे पायाची भिंत कापायची आणि बाहेर खड्डा खणून पाण्याचा निचरा करायचा. हे काम माहीतगार कंत्राटदारालाच दे. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे अलार्म त्या खोलीतही आणि बाहेरही लाव, वरच्या मजल्याशी जोडलेले, म्हणजे खाली वाजला की तुम्हालाही ऐकू येईल.

खिडकीचा खर्च यंदा जमत नसेल तर खाली बसायची, टीव्हीची खोली कर आणि आईबाबांना वरच्या हॉलमध्ये झोपव. पण खिडकी होईपर्यंत त्यांना खाली एक रात्रही झोपवू नकोस, एवढं माझं ऐक.