एका आजाराआड दुसरा: प्रौढांतील एडीएचडी आणि त्याच्या सोबतीने येणारे विकार



काही माणसांना आपण सहज नावे ठेवतो: धांदरट, विसरभोळा, आरंभशूर, आळशी. ही माणसे उत्साहाने काम हाती घेतात, पण ते तडीस जात नाही. किल्ल्या, कागद, तारखा हरवतात. समोरच्याचे बोलणे संपण्याआधीच ती मध्ये बोलतात. अशांपैकी काही जणांच्या मुळाशी एडीएचडी असतो, म्हणजेच लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार. तो मेंदूच्या विकासाशी निगडित असून लहानपणीच सुरू होतो. अनेकांत तो मोठेपणीही टिकतो. वरची धावपळ कमी होते, आतली बेचैनी आणि विस्कळीतपणा मात्र राहतो.

या पाठात एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. मोठ्या माणसांत हा विकार बहुधा एकटा नसतो, आणि सोबतचा आजारच आधी डोळ्यांत भरतो.

अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ते ४४ वयोगटातील सुमारे ४.४ टक्के लोकांत एडीएचडी आढळला. त्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना त्याच वर्षभरात चिंताविकार होता, ३८ टक्के लोकांना नैराश्यासारखा मनःस्थितीचा विकार, तर १५ टक्के लोकांना व्यसनाचा विकार होता. एकाच माणसाला यांतले दोन-तीनही असू शकतात, म्हणून या आकड्यांची बेरीज करू नये. मात्र एडीएचडीवर उपचार घेत होते फक्त ११ टक्के. त्याहून कितीतरी अधिक जण इतर मानसिक तक्रारींसाठी उपचार घेत होते. म्हणजे फांदीवर औषध चालू होते, मूळ तसेच राहिले होते.

हे सोबती कोणते?

१. नैराश्य: वर्षानुवर्षे बोलणी खाऊन आणि अपयश पाहून ‘मीच नालायक’ असे मनात घट्ट बसते. एडीएचडी लहानपणापासून सतत असतो. नैराश्य मात्र बहुधा काही काळासाठी येते, तेव्हा आवडत्या गोष्टींतही मन रमत नाही. हा फरक ओळखायला उपयोगी पडतो.

२. चिंता: काहीतरी विसरले असेल, कोणी रागावेल, ही धास्ती कायमची होते. काही जण चारचौघांत जाणेच टाळतात.

३. व्यसन: बेचैनी शांत करायला तंबाखू किंवा दारू जवळ केली जाते, आणि उतावीळपणामुळे हात आवरत नाही.

४. बायपोलर विकार: यात काही दिवस वा आठवडे झोपेची गरजच वाटत नाही, विचार सुसाट धावतात, मग काळ पालटतो. एडीएचडीशी त्याची गल्लत होते. दोन्ही एकत्रही असू शकतात.

५. झोपेच्या तक्रारी: रात्री उशिरापर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. अपुऱ्या झोपेने लक्ष आणखी विस्कटते.

यांत केवळ परिस्थितीचा दोष नसतो. यांतील काही विकारांची आनुवंशिक मुळे एडीएचडीशी जुळलेली असतात. म्हणून हे इच्छाशक्तीच्या किंवा विश्वासाच्या उणिवेने होते, असे कोणाला सांगू नये.

आपण काय करावे?

निदान डॉक्टरांनीच करायचे असते. त्यांच्याकडे जाताना लहानपणाची माहिती सोबत न्यावी, कारण बारा वर्षांच्या आत लक्षणे दिसली होती का, हे ते पाहतात. आई, मोठा भाऊ किंवा शाळेची जुनी प्रगतिपुस्तके इथे कामी येतात. व्यसन, झोप आणि घरातील मानसिक आजार यांविषयी काही लपवू नये. थायरॉइडसारख्या शारीरिक कारणांचीही तपासणी होते. साधारणपणे जो आजार अधिक गंभीर असेल, त्यावर आधी उपचार होतात. बायपोलर विकार असेल तर तो आधी स्थिर करावा लागतो, कारण एडीएचडीची काही औषधे त्याला भडकवू शकतात. म्हणून औषध मनाने सुरू किंवा बंद करू नये.

‘टेली मानस’ ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी मदत मिळवून द्या.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या घरात वा मंडळीत कोणाला ‘आळशी’ किंवा ‘धांदरट’ हे नाव कायमचे चिकटले आहे का?

२. त्या व्यक्तीला काम देताना ते लहान भागांत, लिहून आणि आठवण करून कसे देता येईल?

३. डॉक्टरांकडे जाताना तिच्यासोबत कोण जाईल?