शुष्क भूमीतील गुग्गुळ : पेरणी आणि चिरस्थायित्व

योगराज, कैशोर, कांचनार, गोक्षुरादी या गुग्गुळकल्पांशिवाय आपल्या चिकित्सालयाचा एकही दिवस जात नाही. भावमिश्रांनी सांगितलेले गुग्गुळाचे महिषाक्षादी पाच प्रकार, तसेच नव गुग्गुळ बृंहण व पुराण गुग्गुळ लेखन हा भेद आपणांस ज्ञात आहेच. मात्र ज्या क्षुपाचा हा निर्यास आहे, त्याच्या स्थितीचा विचार क्वचितच होतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ साली ही वनस्पती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. त्यामुळे लागवडीचे आकडे ऐकून समाधान मानण्यापूर्वी ते आकडे कसे वाचावेत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बीज व अंकुरण

कच्छ, सौराष्ट्र व पश्चिम राजस्थान येथील खडकाळ टेकड्या आणि गायराने ही गुग्गुळाची भारतातील प्रमुख निवासभूमी होय. याचे बीज काळे व पांढरट अशा दोन प्रकारचे आढळते. त्यांपैकी काळे बीजच रुजण्यायोग्य असते. बीजकवच कठीण असल्याने नैसर्गिक उगवण अत्यल्प होते. अनेक ठिकाणी नर क्षुपे विरळ असून परागणाविनाही बीजधारणा होते. अशी रोपे मातृक्षुपासारखीच निपजतात व वैविध्य मर्यादित राहते.

अंकुरानंतरची परीक्षा

पावसाळ्यात दिसणारी रोपांची संख्या फसवी असते. त्यानंतर आठ-नऊ महिने जमीन कोरडी असते. ज्या रोपाचे मूळ तोवर खोल गेले नाही, ते पहिल्याच ग्रीष्मात करपते. उरलेल्यांना शेळ्यामेंढ्यांची चराई, गवताची व वेड्या बाभळीची स्पर्धा आणि अवर्षण यांना तोंड द्यावे लागते. बहुतांश हानी आरंभीच्या वर्षांतच होते. दोन-तीन उन्हाळे तरलेले रोप पुढे टिकण्याची शक्यता अधिक.

फांदीची कलमे सुलभतेने रुजतात म्हणून लागवडीत तीच अधिक वापरली जातात. परंतु त्यांना सोटमूळ नसल्याने ती जोराच्या वाऱ्यात उन्मळतात. बीजोद्भव रोप सावकाश वाढते, पण मुळाने दृढ असते.

निर्याससंग्रह

क्षुप संग्रहयोग्य होण्यास सुमारे ८ ते १० वर्षे लागतात. एवढा काळ तगलेले क्षुप एका अविचारी छेदाने नष्ट होऊ शकते. खोल छेद देऊन इथेफॉनसारखे रसायन अतिमात्रेत योजल्यास निर्यास विपुल मिळतो, पण क्षुप वाळून मरते. म्हणजे दुष्काळातून वाचलेले क्षुप बाजाराच्या घाईने मरते. आणि त्या बाजाराचे ग्राहक आपणच आहोत.

निष्कर्ष

१) लागवडीचे यश पेरलेल्या बीजांवरून न ठरविता पाचव्या व दहाव्या वर्षी जिवंत असलेल्या क्षुपांवरून ठरवावे.

२) औषधी निर्मात्यांनी गुग्गुळाचे प्राप्तिस्थान व छेदनपद्धती यांची पृच्छा करूनच खरेदी करावी.

३) अति स्वस्त गुग्गुळाविषयी साशंक राहावे, त्यात सालईचा डिंक व अन्य निर्यासांची भेसळ आढळते. द्रव्यपरीक्षण अवश्य करावे.

४) वैद्यांनी गुग्गुळकल्पांची योजना निश्चित निदानानंतर व आवश्यक कालावधीपुरतीच करावी.

द्रव्य हा चिकित्सेच्या चतुष्पादांपैकी एक पाद आहे. तो पाद मुळासकट नाहीसा होऊ न देणे हेही वैद्याचेच कर्तव्य होय.