दाराचा जुना रंग काढा, पण मोरीत सोडू नका

जुन्या सागवानी दारावर ऑइल पेंटचे थरावर थर चढलेत आणि आता तुम्हाला खालचं लाकूड बघायचंय ना? चला, बाह्या सरसावा. रंग निघतोच, काळजी नको. अर्धं काम मात्र निघालेला रंग गोळा करण्याचं आहे.

१. रंगावर ब्लेडने फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीसोबत आला नाही, तर तो पक्का आहे. मग निव्वळ हौसेसाठी खरवडू नका. वरून नवा हात द्या. रंग काढायचा रिमूव्हर वाचला, कचराही वाचला.

२. दुकानात रिमूव्हरच्या डब्यामागचा मजकूर वाचा. ‘मिथिलीन क्लोराइड’ किंवा ‘डायक्लोरोमिथेन’ दिसलं, तर डबा परत ठेवा. त्याची वाफ हवेहून जड असते, बंद खोलीत खाली साचते आणि जीवावर बेतू शकते. डब्यावर काहीच लिहिलेलं नसेल, तर तोही नकोच. बेंझाइल अल्कोहोलचा मागा. तो सावकाश काम करतो, आपल्यालाही कुठे गाडी पकडायची आहे!

३. कोरडा दिवस निवडा. पावसात रिमूव्हर आणि सुटलेला रंग वाहून थेट गटारात जातो.

४. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून पल्ला उतरवा. एकट्याने नको, सागवान जड असतं.

५. पल्ला अंगणात किंवा उघड्या गच्चीवर आडवा ठेवा. विहीर, कुंड्या आणि पाणी जाण्याची जाळी यांपासून लांब. पोरंबाळं आणि गरोदर बाई आसपास नकोत.

६. खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि कडा वर दुमडा, म्हणजे ओघळ बाहेर जाणार नाही. फाटकं प्लास्टिक चालणार नाही.

७. रसायनाला टिकणारे जाड हातमोजे आणि चष्मा घाला. भांडी घासायचे पातळ मोजे विरघळतात, आणि कापडी मास्क वाफ अडवत नाही.

८. जुन्या पत्र्याच्या डब्यात लागेल तेवढाच रिमूव्हर ओता. प्लास्टिकच्या वाटीचा तळ मऊ पडू शकतो.

९. इडलीच्या पिठाइतका जाड थर ब्रशने एकाच दिशेने लावा. पुढेमागे घासलंत, तर थर पातळ होतो.

१०. वर पातळ प्लास्टिक झाका. थर उघडा राहिला की सुकतो, मग पुन्हा लावावा लागतो.

११. आता वाट बघा. किती वेळ, ते डब्यावर असतं. आधी कडेला बारीक सुरकुत्या दिसतील, मग रंग फुगून लाकडापासून सुटेल. घाईने खरवडलात, तर वरचाच थर येईल.

१२. बोथट पत्तीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडा आणि लगदा वर्तमानपत्रावर घ्या. आडवी पत्ती चालवलीत, की लाकडावर ओरखडा. ब्लोलॅम्पने जाळायचा मोह नको: दार २०१७ च्या आधी रंगवलेलं असेल, तर रंगात शिसं आहे असंच धरून चाला. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून लागू झाला.

१३. नक्षीत जुना टूथब्रश फिरवा. टोकदार खिळा नको.

१४. पल्ला ओल्या चिंधीने पुसा. पाइपने धुवायचं नाही. शिसं थेट मातीत जाईल.

१५. उरलेले डाग पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासा. कोरडं घासलंत, तर शिशाची धूळ घरभर पसरेल.

१६. चिंध्या पिळून बादलीत जमलेल्या गढूळ पाण्यात लाकडाचा भुसा टाका, सगळं शोषू द्या. मोरीत नाही, कमोडमध्ये नाही. सेप्टिक टँकमधले जिवाणू या रसायनाने मरतात.

१७. भुसा, लगदा आणि चिंध्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आग लागू शकते. विडी-सिगारेट लांब.

१८. वाळलेलं सगळं त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधा आणि वर ‘रंगाचा घातक कचरा’ असं ठळक लिहा. नाहीतर कचरा वेचणारी बाई उघड्या हाताने ते सोडेल.

१९. वॉर्ड ऑफिसमध्ये विचारा, घरगुती घातक कचरा कुठे घेतात. घंटागाडीत ओल्या-सुक्यात मिसळायचा नाही, आणि जाळायचा तर मुळीच नाही.

२०. उरलेला रिमूव्हर त्याच्याच डब्यात, झाकण घट्ट लावून उंच फळीवर ठेवा. पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका.

२१. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. मग बिजागऱ्यांना थेंबभर तेल सोडा आणि पल्ला चढवा.