हरलेल्या संघाचा विश्वास

‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ या धातूपासून सिद्ध झालेला आहे. ‘वि’ हा उपसर्ग लागून त्याचा मूळ भाव मोकळेपणाने श्वास घेणे, निर्धास्त असणे असा होतो. ज्याच्या सान्निध्यात आपला श्वास कोंडत नाही, त्याच्या ठायी आपला विश्वास आहे असे समजावे. शब्दाचा हा मूळ अर्थ व्यवहारात पाहावयाचा असेल, तर एखाद्या शाळेचा फुटबॉलचा संघ ओळीने चार-पाच सामने हरल्यानंतर पाहावा. चेंडू पायाशी आला की मुलगा मैदानाकडे न पाहता प्रथम कडेला उभ्या असलेल्या शिक्षकांच्या मुद्रेकडे पाहतो. चूक आपल्या नावावर पडू नये म्हणून तो चेंडू घाईने दुसऱ्याकडे ढकलतो, आणि तो दुसराही तेच करतो. त्याला लोक खेळाची उणीव म्हणतात. वस्तुतः त्या मुलांचा श्वास कोंडलेला असतो. असा संघ ज्याच्या हाती आला त्या शिक्षकाने काय करावे, हा या पाठाचा विषय आहे.

यासाठी वाचकांस झाशीस नेतो. तेथील लक्ष्मी दरवाजा, म्हणजे आजचे लक्ष्मी गेट, ओलांडून बाहेर गेले की महालक्ष्मीचे देऊळ व लक्ष्मीताल लागतो. ही महालक्ष्मी नेवाळकरांची कुलस्वामिनी. रत्नागिरीकडील कोट गावचे हे घराणे अठराव्या शतकात झाशीच्या सुभेदारीवर आले. तलावाकाठी १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री आहे. मराठी मनुष्य झाशीस गेला की येथवर येतो आणि राणीचे स्मरण करून परततो. परंतु त्याच नगरीत एका शिपायाच्या मुलाचे घर होते. वडील सैन्यात, मुलगाही १९२२ साली सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाला. त्या ध्यानचंदांचे नाव पुढे साऱ्या जगास ठाऊक झाले. त्यांचा खेळ हॉकीचा होता, फुटबॉलचा नव्हे. आणि १९३६ साली ते संघाचे शिक्षक नव्हते, नायक होते. तथापि आपल्या विषयाचा गाभा तेथे सापडतो.

बर्लिनच्या ऑलिंपिकसाठी निघालेला तो संघ अजिंक्य मानला जात असे. त्याआधीच्या दोन्ही ऑलिंपिकमध्ये, १९२८ व १९३२ साली, भारताने सुवर्णपदक मिळविले होते. पण प्रस्थानापूर्वी दिल्लीत झालेल्या सराव सामन्यात हाच संघ दिल्लीच्या खेळाडूंकडून ४-१ असा हरला. पुढे मुंबईहून आगबोटीने मार्सेलिस, तेथून आगगाडीने बर्लिन, असा प्रवास झाला. आणि १७ जुलै रोजी जर्मनीविरुद्ध सराव सामना झाला. तोही ४-१ असा गमावला. आपण हा सामना जन्मभर विसरणार नाही, अशा आशयाचे उद्गार ध्यानचंदांनी पुढे १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात काढले आहेत. प्रवासाच्या शिणाचे, अनोळखी मैदानाचे निमित्त पुढे करून पराभव झाकून टाकणे त्यांस सहज शक्य होते. त्यांनी तो झाकला नाही, हे येथे महत्त्वाचे. आघाडीच्या फळीत एक जागा उणी आहे हे संघाच्या धुरिणांनी ओळखले व अली दारा या खेळाडूस भारतातून तातडीने बोलावून घेतले. ते फ्रान्सविरुद्धच्या उपान्त्य सामन्यापासून खेळले. ज्याची जागा गेली त्यास वाईट वाटले असेलच. परंतु उणीव उघडपणे मान्य करून तिचा उपाय करणारा नायक संघाला दिसला, हा लाभ मला त्याहून मोठा वाटतो. खोटे धैर्य देणाऱ्या मनुष्यावर मुले फार दिवस विश्वास ठेवीत नाहीत.

अंतिम सामना पुन्हा जर्मनीशीच होता. पावसामुळे तो एक दिवस पुढे जाऊन १५ ऑगस्टला झाला. मैदानात उतरण्यापूर्वी साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा ध्वज बाहेर काढला, खेळाडूंनी त्यास वंदन केले. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता, तोही ध्यानचंदांचे बंधू रूपसिंग यांचा. उत्तरार्धात ध्यानचंदांनी काटेरी बूट काढून ठेवले, आणि सामना ८-१ असा संपला. साऱ्या स्पर्धेत भारतावर झालेला गोल हा एवढाच.

आता गीतेकडे वळू, कारण मोडलेल्या आत्मविश्वासाचा एवढा तपशीलवार वृत्तान्त अन्यत्र क्वचितच आढळेल. पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. त्यांत श्रीकृष्णांच्या मुखी एका श्लोकाचा उत्तरार्धही पुरता येत नाही. जमलेल्या कौरवांना पाहा, एवढेच ते म्हणतात. अर्जुन मात्र पुढे बोलतच राहतो, धनुष्य टाकीपर्यंत बोलतो, आणि सारथी मध्ये एकदाही अडवीत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत कठोर निर्भर्त्सना आहे. आपल्याकडील बरेच प्रवचनकार हे दोन श्लोक मोठ्या आवेशाने सांगतात. पण त्यांचा परिणाम काय झाला ते सांगत नाहीत. अर्जुन उठला नाही. उलट त्याने आपली बाजू अधिक निकराने मांडली, लढणार नाही असे सांगितले, आणि तो गप्प बसला. दोषारोपाने मनुष्य उभा राहत असता, तर गीता तेथेच संपली असती. खरे शिकविणे अकराव्या श्लोकापासून आहे.

पुढेही पाहावे. तिसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी शिष्य गुरूवरच ठपका ठेवतो, तुझ्या संमिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते म्हणतो. त्यावर क्रोधाचा एक शब्द नाही. सहाव्या अध्यायात मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे अशी तक्रार येते. उत्तराचा पहिलाच शब्द ‘असंशय’ असा आहे. म्हणजे तुझी अडचण खरी आहे, हे आधी कबूल, उपाय त्यानंतर. आणि अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात, सर्व सांगून झाल्यावर, पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय अर्जुनाच्याच हाती सोपविला आहे. घोड्यांचे लगाम सारथ्याच्या हाती होते. धनुष्य त्याने एकदाही उचलून घेतले नाही.

ध्यानचंदांच्या चरित्रात या सोपविण्याचे एक सुंदर उदाहरण आहे. आपला सर्वोत्तम सामना कोणता, तर १९३३ सालचा बायटन चषकाचा अंतिम सामना, असे ते सांगत. ऑलिंपिकमधील नव्हे! त्या सामन्यात त्यांच्या झाशी हीरोज या संघाने बलाढ्य कलकत्ता कस्टम्सला एका गोलाने हरविले. आणि तो एकमेव गोल ध्यानचंदांचा नव्हता. त्यांनी लांबून दिलेल्या चेंडूवर इस्माईल या सहकाऱ्याने तो केला होता. दुसरी एक हकीकत त्यांचे सहखेळाडू केशव दत्त सांगत. १९४७ च्या पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यात के. डी. सिंग ‘बाबू’ यांस चेंडू देऊन ध्यानचंद पाठ फिरवून चालू लागले. कारण विचारता, एवढ्या पासवर ज्याच्याने गोल होत नाही त्याला माझ्या संघात स्थान नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हे बोलणे कठोर खरे. परंतु चेंडू देऊन झाल्यावर त्यावर डोळे लावून न बसणे, यातच मोठा विश्वास आहे. कडेला उभे राहून प्रत्येक पावलागणिक ओरडणाऱ्या शिक्षकाला तो साधत नाही.

फुटबॉलमध्ये याच्या तोडीचा पुरुष हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते व्यवसायाने शाळामास्तरच होते. १९५२ साली हेलसिंकीत त्यांच्या हाताखालील भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. चार वर्षांनी मेलबर्नला भारत चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. त्यानंतर बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांना वगळले नाही, आघाडीला खेळविले. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला भारताने २-१ असे हरविले, आणि त्यांतील एक गोल जर्नेलसिंगांचा होता. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रस्त होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

शाळेतील शिक्षकाजवळ ध्यानचंद नसतात, जर्नेलसिंगही नसतात. पण पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सर्वांना गोलाकार बसवून प्रथम त्यांना बोलू देणे त्याच्या हाती आहे. त्यात स्वतःवर ठपका आला तरी ऐकावा. ज्याच्या चुकीने सामना गेला असे सारे म्हणतात, त्या मुलाला पुढच्या सामन्यात त्याच जागी उभे करावे. तो पुन्हा चुकेलही, आणि तेव्हा शिक्षकाच्या मुद्रेवर काय उमटते हे इतर दहाजण निरखून पाहत असतील. फ्री किक कोणी घ्यावी हे मुलांना ठरवू द्यावे. सरावाची वेळ सहाची असेल तर स्वतः पाच मिनिटे आधी मैदानावर असावे.

पुढील पाठापूर्वी वाचकांनी दुसऱ्या अध्यायाचे चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे श्लोक सावकाश वाचावेत. अर्जुनाच्या जागी आपल्या वर्गातील अथवा संघातील एखादा मुलगा कल्पावा, आणि सारथी त्या वेळी कोठे बोलला व कोठे गप्प राहिला, याची वहीत नोंद करावी.