डब्ल्यूआरएक्सच्या गिअरबॉक्सचे ऑइल बदलताना

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स २००१ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २२७ अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद. थोड्याच काळात तिच्या पाच गिअरच्या बॉक्सला ‘काचेचा गिअरबॉक्स’ असे नाव पडले. मला ते अर्धेच खरे वाटते. मागची दोनच चाके ताकदीवर चालणाऱ्या गाडीत क्लच धाडकन सोडला तर टायर जागच्या जागी फिरतात आणि धक्का रस्त्यावर निघून जातो. इथे कोरड्या डांबरावर चारही टायर घट्ट पकडून बसतात, धक्क्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. तिरक्या दात्यांचे गिअर एकमेकांना दूर ढकलतात, शाफ्ट किंचित वाकतात, उभे दोन भाग जोडून केलेले आवरण ताणले जाते आणि सगळा भार दात्याच्या टोकाशी येतो. दाता तुटतो तो असा. २००४च्या मॉडेलपासून अमेरिकेत मिळू लागलेल्या एसटीआय या डब्ल्यूआरएक्सच्याच अधिक ताकदीच्या आवृत्तीला सुबारूने सहा गिअरचा वेगळा, जाडजूड बॉक्स दिला, त्यामागेही हेच कारण होते.

तुटलेला दाता ऑइलने सांधत नाही. पण आत काय चालले आहे हे बॉक्स न उघडता सांगणारे एकच साधन आपल्या हाती आहे, आणि ते म्हणजे बाहेर काढलेले जुने ऑइल. म्हणून हे काम स्वतः करावे, निदान समोर उभे राहून करून घ्यावे. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात जुनी डब्ल्यूआरएक्स घेणाऱ्या मराठी मंडळींनी तर गाडी दारात आल्याच्या पहिल्या आठवड्यातच करावे. भारतात शेव्हरोलेच्या नावाने विकली गेलेली फॉरेस्टर मुळात सुबारूच होती. ती कुणाकडे अजून चालू असेल तर त्यांनाही पुढची बरीचशी कृती लागू पडेल. फक्त मापे आपल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावीत.

साहित्य: जीएल-५ दर्जाचे ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल पाच लिटर (पुढच्या बॉक्सला साडेतीन, मागच्या डिफरन्शियलला ०.८, बाकी हाताशी), ड्रेन प्लगचे नवे वॉशर, टॉर्क रेंच, पाच लिटरहून मोठे घमेले, लांब रबरी नळी लावलेले फनेल, चार भक्कम स्टँड, हातमोजे, पांढरे फडके. प्लग काही वर्षांच्या गाड्यांत २१ मिलिमीटरच्या सॉकेटने उघडतो, तर काहींत टी-७० टॉर्क्स लागतो. आधी खाली वाकून बघा, मग सॉकेट आणा.

ऑइलच्या दर्जाबाबत तडजोड करू नका. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या बॉक्समध्ये जीएल-४ पडते, त्यामुळे गॅरेजवाला सवयीने तेच सुचवेल. सुबारूच्या या बॉक्समध्ये पुढचा डिफरन्शियल त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याच्या हायपॉइड गिअरचे दाते एकमेकांवर घासत सरकतात आणि त्या दाबाखाली जीएल-५च टिकते.

गाडी दहा-पंधरा मिनिटे शांतपणे चालवून आणा. ऑइल कोमट झाले की पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येते. एक्झॉस्टचा पाइप मात्र तापलेला असतो, तो निवू द्या. मग गाडी चार स्टँडवर अगदी समतल उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. दोनच चाके वर असताना गिअर टाकून इंजिन चालू करणे तर या गाडीत जिवावर बेतणारे आहे, कारण जमिनीवरची दोन चाके गाडीला स्टँडवरून ओढून काढतात.

आता गिअरबॉक्सची डिपस्टिक शोधा. ती इंजिनच्या मागे, खालच्या गर्दीत असते. इंजिन ऑइलची डिपस्टिक वेगळी. प्लगचीही अशीच गफलत होते. घाईने ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांत इंजिनऐवजी गिअरबॉक्स रिकामा केला जातो, वर इंजिनमध्ये दुप्पट ऑइल ओतले जाते. तसा बॉक्स काही किलोमीटरांतच संपतो. इंजिनचा प्लग पुढे, गिअरबॉक्सचा मागे, हे खात्रीने पाहूनच पाना लावा.

प्लग काढा, ऑइल पूर्ण गळू द्या आणि इथे घाई करू नका. प्लगच्या टोकाला चुंबक असते. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप दिसला तर काळजी नाही, ती रोजची झीज आहे. लेप बोटांत चोळून बघा. कण टोचू लागले तर दात्यांचा पृष्ठभाग सोलवटतो आहे. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून घमेल्यातले ऑइल उन्हात हलवून पाहा. सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोच्या कड्या झिजताहेत, आणि अशा गाडीत दुसरा किंवा तिसरा गिअर थंडीत करकरतो. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. आणि आकार ओळखू येईल असा पोलादाचा तुकडा सापडला तर नवे ऑइल ओतू नका. बॉक्स खाली उतरवण्याची वेळ आली आहे. तो तुकडा इतर गिअरांच्या दात्यांत अडकला की चांगले दातेही जातात, शेवटी आवरण फुटते आणि दुरुस्तीजोगे काही उरत नाही.

सगळे ठीक असेल तर चुंबक पुसा, नवा वॉशर घाला, प्लग टॉर्क रेंचनेच आवळा. वॉशरच्या प्रकारानुसार टॉर्कचा आकडा बदलतो, म्हणून तो आपल्या वर्षाच्या पुस्तिकेतून घ्या. डिपस्टिकच्या भोकातून नळीने सावकाश सव्वातीन लिटर ओता, दहा मिनिटे थांबा, मग थोडे थोडे घालत वरच्या खुणेपर्यंत आणा. खुणेच्या वर जाऊ नका. जास्तीच्या ऑइलला फेस येतो आणि ते बॉक्सच्या हवा सोडणाऱ्या नळीतून (ब्रीदरमधून) बाहेर पडते.

मागच्या डिफरन्शियलला मात्र भरायचा प्लग आधी उघडायचा. तो गंजून बसला असेल आणि खालचा आधी काढला तर गाडी तिथेच अडकेल. दोन्ही प्लगांत अर्ध्या इंची रॅचेटचे चौकोनी टोक थेट बसते. भोकातून ऑइल थेंबथेंब परत येऊ लागले की भरले. जुने ऑइल डब्यात बंद करून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

आता मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेऱ्या मारा. गाडी अडखळत, कुणी धरून ठेवल्यासारखी चालली तर मधल्या डिफरन्शियलचे व्हिस्कस कपलिंग आवळले गेले आहे. याचे मूळ पुष्कळदा टायरमध्ये सापडते. चारही टायर एकाच आकाराचे, एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले हवेत. घेरात पाव इंचाहून अधिक फरक नको. एकच नवा टायर घालून वाचवलेले पैसे मधला डिफरन्शियल व्याजासकट वसूल करतो.

हे काम दर ५०,००० किलोमीटरला करावे आणि गाडी ट्रॅकवर जात असेल तर त्याच्या निम्म्यात, असे माझे मत आहे. सकाळी पहिले काही किलोमीटर गिअर सावकाश टाका. एरवी हात गिअरच्या दांड्यावर टेकवून ठेवू नका. सिग्नलवर इंजिन पाच हजार फेऱ्यांवर नेऊन क्लच सोडायचा मोह तर कायमचा सोडा, कारण पुष्कळ बॉक्स त्या एका सवयीनेच गेले आहेत. आणि गाडी कधी बंद पडलीच तर चारही चाके जमिनीवरून उचलून नेणारी, सपाट पाठीची गाडीच मागवा.