माळरानावर वीज नेणारे जेकब्स बंधू

वायरमन, मोटार रिवायंडिंग, बॅटरी दुरुस्ती या धंद्यांत आपले पुष्कळ कारागीर आहेत. त्यांनी अमेरिकेतील एका शेतकरी कुटुंबाची हकीकत जरूर अभ्यासावी.

माँटाना राज्यात व्हिडा गावाजवळ जेकब्स कुटुंबाची शेतीवाडी होती. शहरात वीज होती, पण इतक्या दूर तारा ओढणे वीज कंपन्यांना परवडत नसे. पेट्रोलवर जनित्र चालवावे, तर पेट्रोल लांबून वाहून आणावे लागे. वारा मात्र फुकट होता! 1920 नंतरच्या काही वर्षांत मार्सेलस व जो या भावांनी पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचा पंखा जुन्या फोर्ड मोटारीच्या मागच्या आसाला जोडून पाहिला. विजेसाठी त्याची गती कमी पडली.

मार्सेलस विमान चालवायला शिकला होता. त्यावरून त्याला विमानासारख्या पात्यांची कल्पना सुचली. दोन पात्यांत एक खोड निघाली. पाती उभी असताना चक्की वाऱ्याच्या दिशेला सहज वळे, आडवी असताना अडे, आणि या धक्क्यांनी यंत्र खिळखिळे होई. तीन पाती बसवताच वजन सर्व बाजूंना सारखे झाले व धक्के थांबले. वादळात पाती आपोआप तिरकी होऊन वेग आवरणारी योजनाही त्यांनी केली. जनित्र सरळ पात्यांच्या आसावर बसवले, त्यामुळे गिअर झिजण्याचा प्रश्नच उरला नाही.

आधी घरचे दिवे लागले, मग शेजाऱ्यांची मागणी आली. पुढे मिनियापोलिस शहरात कारखाना निघाला. 32 व्होल्टची ही वीज बॅटऱ्यांत साठवत. 1933 मध्ये ॲडमिरल बर्ड यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेतही जेकब्सची चक्की गेली.

मग काळ पालटला. 1935 मध्ये अमेरिकन सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची योजना काढली. तेव्हा दहा शेतकऱ्यांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. सहकारी संस्थांना स्वस्त कर्जे मिळाली आणि गावोगाव तारा पोहोचल्या. चक्क्यांची मागणी आटत गेली व 1950 नंतरच्या दशकात कारखाना बंद पडला. मालात खोट नव्हती. गिऱ्हाइकाला तीच सोय स्वस्तात दारी मिळू लागली.

यातून तीन धडे घ्यावेत :

1) स्वतःची अडचण नीट सोडवा. तीच अडचण शेजाऱ्याचीही असते, आणि तोच पहिला गिऱ्हाईक.

2) गिऱ्हाईक जितका दूर, तितका माल टिकाऊ हवा. मेकॅनिक पोहोचत नाही तिथे मजबुती हीच खरी जाहिरात.

3) माल उत्तम असला तरी बाजारावर नजर ठेवा. सरकारी धोरण, कर्जाचे व्याज, नवे तंत्र यांपैकी काहीही चालता धंदा बसवू शकते. धंदा जोरात असतानाच पुढचे काम शिकून ठेवावे. आज मोटार बांधणाऱ्याने सौर पॅनेलची जोडणी शिकणे, हे त्यातलेच एक.